खालून बंद केलेली गाडी

धोंडू तारी रस्त्याने चालताना लाकूड दिसलं की थांबायचे. चाळीचा कठडा असो, पानवाल्याची टपरी असो नाहीतर गणपतीच्या मांडवाचा खांब असो, बोट वाकवून दोनदा टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मालकाने विचारलेलं नसतानाही निकाल देऊन टाकायचे.

"ह्यो खांब बरो आसा. शेजारचो मात्र आतसून गेलो."

काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत लोक त्यांना आपापल्या खाटा दाखवायला हौसेने बोलवायचे आणि मग पस्तावायचे. कारण तारीकाकांनी एकदा खाटेला नाव ठेवलं की तिच्यावर पुन्हा निवांत झोप लागत नसे.

मालवण किनाऱ्यावरचे गाबीत, होड्या-मासळीवर जगणारी माणसं. मुंबईच्या लाकडी बंदरावर होड्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आपण हात लावलेली होडी पाणी घेऊन परत आली असं एकदाही झालं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. ऐकवायला कुणी नसलं तर बायकोला.

बायको म्हणजे सोनूबाई. लालबागच्या बाजारात मासळी विकायची. तिच्याशी भावावरून घासाघीस करणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. चार वर्षांपूर्वी धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून भरल्या पाटीसकट पडली आणि कंबरेतून गेली. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत उताणी. बसवलं तर चार-पाच मिनिटांत घामाने भिजायची. गिऱ्हाईकं सुटली, पण तोंड सुटलं नव्हतं. सगळी चाळ त्या खाटेवरून चालायची.

"शकूची आवस, तुझो भात लागलो गो! हय माका वास येता, तुका येना नाय?"

तारीकाका आमच्याकडे आले ते गाडीमुळे. आमचं कलापथक संयुक्त महाराष्ट्राचं काम करायचं. पोवाडे, वग, छोटी नाटकं. हा वेष काढ, तो चढव, सभेला लोक जमव आणि पुढच्या गावाला चल. त्यासाठी श्यामकांतने, म्हणजे आमच्या पथकाच्या प्रमुखाने, लढाईनंतर विकायला काढलेली एक लष्करी रुग्णगाडी मिळवली होती. बाहेरून पत्रा, आतून फळ्या, मध्ये लाकडाचा सांगाडा. आत दोन लांब बाकं, स्टोव्ह, पेटी, ढोलकी, कपड्यांच्या ट्रंका. दौऱ्यात आम्ही तिच्यातच स्वयंपाक करायचो, तिच्यातच रंग लावायचो, तिच्यातच झोपायचो. घरच होतं ते. पण दोन पावसाळ्यांत त्या घराला बुरशीचा वास यायला लागला. कोपऱ्यातली फळी अंगठ्याने दाबली तर भिजलेल्या पावासारखी आत जायची.

अठ्ठावन्न सालच्या एप्रिलमध्ये परळला एका भिंतीच्या आडोशाला उभी केलेली ती गाडी बघायला तारीकाका आले. चारी बाजूंनी टकटक करत फिरले. आमचा ड्रायव्हर रामदास दारात बिडी ओढत बसला होता.

"काय म्हणते नाडी, डाक्टर?" रामदासने विचारलं.

"अर्धी मेली आसा." मग ते आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावले तर ते एका लांब बाकासमोर उभे होते. हाताने वितीवितीने बाक मोजत होते.

"बाय, ह्याच्यार माणूस निजता?"

"मीच झोपते की. लष्करात जखमी माणसं न्यायचे ना, त्यासाठीच केलेलं आहे ते."

"उताणा निजता?"

"हो."

ते बाहेर आले आणि श्यामकांतसमोर हात जोडून उभे राहिले. "श्यामकांतानू, मजुरी नको माका. गाडी मी नव्यासारखी करून देतंय. तुम्ही बेळगाव-कारवाराक जातास तेव्हा माझ्या बायलेक घेऊन चला. कारवारच्या बैतखोलाक तिची आवस आसा. म्हातारी आंधळी झाली, ती हय येऊ शकणा नाय. ही बसू शकणा नाय. बोटीत चढवूची कशी, एष्टीत बसवूची कशी? ह्या बाकार निजान जायत. चार वर्सां रोज एकच सांगता माका, एकदा आयेक बघूचा हा."

श्यामकांत एका दमात हो म्हणाला. कारवार, बेळगाव म्हैसूर राज्यात ढकललेली होती, तिथे तर आम्हाला जायचंच होतं. दिवाळी झाली की निघायचं ठरलं.

ही बातमी सांगायला मी तारीकाकांबरोबर खोलीवर गेले. सोनूकाकीने आधी माझं नाव-गाव, आईचं माहेर असं सगळं विचारून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाली, "माझा म्हायेर म्हैसुरात गेला म्हणतत. हलवतानी माका कोणी इचारल्यानी काय? आता तुम्ही परत आणतास तर सांभाळून आणा. आवस म्हातारी आसा, धक्के सोसूचे नायत तिका."

दीड महिना ते गाडीवर राबले. कुजलेलं सगळं तासून काढलं. दारूखान्याच्या बंदरावर मोडीत काढलेल्या जहाजाचं सागवान आणून जोडलं. आणि मग त्यांनी जे काम केलं ते बघायला आजूबाजूच्या चाळींतली माणसं जमायची. प्रत्येक फटीत कापूस ठोकून ठोकून भरला, वरून राळ ओतली आणि सगळ्या लाकडाला माशाचं तेल पाजलं.

"अहो काका, हा वास जाईल ना?" आमची उर्मिला नाकाला पदर लावून म्हणाली. ती गिरगावातली, घरी कांदासुद्धा जपून खाणारी.

"खंयचो वास?" त्यांनी खरोखर न कळून विचारलं.

तो वास गेला नाही. पुढे कित्येक दिवस आमच्या प्रयोगाला आधी मांजरं यायची, मग प्रेक्षक.

काम संपत आलं त्या दिवशी मी तिथेच होते. तारीकाका गाडीखाली उताणे पडून काहीतरी ठोकत होते. रामदास वाकून बघत होता.

"तारी, त्या खालच्या पट्टीतली भोकं कशाला बुजवता?"

"मगे काय ठेवू?"

"कंपनीनेच ठेवलेली असतात ती."

"कंपनीन होडी बांधल्यान काय कधी?" गाडीखालून उत्तर आलं. "तळाक भोकां ठेवणारो सुतार मी आजवर बघूक नाय. रस्त्यावरचा पाणी आत येता तुमच्या, म्हणान तर कुजता!"

बघे हसले. रामदासलाही हसू आलं. भोकं कशासाठी असतात ते त्यालाही नेमकं सांगता येत नव्हतं. काकांनी एकेका भोकात लाकडाची खुंटी मारली, वरून राळ लावली आणि बाहेर येऊन हात झटकले. "आता समुद्रात घाला. तरंगतली."

पावसाळा दणकून आला. गाडी त्याच भिंतीशी उभी होती. तारीकाका छत्री न घेता आठवड्यातून दोनदा यायचे, आत चढायचे, फळ्यांवरून हात फिरवायचे आणि कोरडा तळवा आम्हाला दाखवायचे.

"बघलास? थेंब नाय."

खरंच नव्हता. आम्ही त्यांचं कौतुक केलं. श्यामकांतने पुढच्या सभेत त्यांना नारळ दिला, तो त्यांनी सोनूकाकीच्या उशाशी नेऊन ठेवला. तिने शेजारच्या शकूकडून आईला पत्र लिहून घेतलं. दिवाळी सरली की येते, गाडीने येते, झोपून येते, घाबरू नकोस. उलट टपाली भावाचं, लवूचं, उत्तर आलं: आय आतापासून दारात बसायला लागली.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी गाडी चाळीखाली येऊन उभी राहिली. सोनूकाकीला हिरवं लुगडं नेसवलं होतं, केसांत अबोली होती. खाटेची फळी काढून तिच्यावर तिला बांधली आणि चार जणांनी जिन्यावरून खाली आणली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती सूचना देत होती.

"रामदासा, डावीकडे! तुझी डावी, माझी नव्हे! मेल्या, गाडी अशीच चालवतस काय रे?"

गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणी ओटीला तांदूळ घातले, कुणी आईसाठी खाऊ दिला. चार वर्षांनी ती उघड्यावर आली होती. डोळे बारीक करून म्हणाली, "आभाळ इतक्या लखलखीत असता? विसारलंच मी."

तारीकाका डोक्याकडची बाजू धरून उलट्या पावलांनी गाडीत चढले. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. आणि थांबले. चेहरा एकदम रिकामा झाला.

"काय झालं?" श्यामकांत बाहेरून म्हणाला.

"खाली ठेवा तिका."

"अहो, आत घ्या ना."

"खाली ठेवा म्हणतंय!"

त्यांची टाच जमिनीत रुतली होती. गाडीच्या जमिनीत. पाय बाहेर काढला तर फळीचा काळा लगदा टाचेला चिकटून आला. सोनूकाकीला फूटपाथवर ठेवली. तारीकाकांनी पटाशी आणली, एक फळी उचकटली, मग खाली वाकून बाहेरच्या पत्र्याची कड सोडवली. आणि पत्र्यामागून पाणी आलं. नोव्हेंबरात. आठवड्यांपूर्वी संपलेल्या पावसाचं काळं, कुजकं, माशाच्या तेलाचा तवंग असलेलं पाणी, बादलीभर, रस्त्यावर वाहत गेलं.

छतावर जुना झरोका होता. त्याच्या कडेने पाणी पत्रा आणि फळी यांच्या मधल्या पोकळीत उतरत होतं. आत एक थेंब दिसत नव्हता, कारण कापूस आणि राळ पक्की होती. आणि बाहेर जायला वाट नव्हती, कारण तीही पक्की बंद केली होती. उलट्या पातेल्यासारखी नव्हे, सुलट्या पातेल्यासारखी गाडी पावसाळाभर उभी होती.

"ती भोकं," रामदास हळूच म्हणाला.

तारीकाका रस्त्यावर उकिडवे बसले. "होडी पाण्यात रवता," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "पाणी खालसून येता. ही पावसात रवता. हिका वरसून येता, खालसून जाता." पुन्हा एकदा, स्वतःलाच शिकवल्यासारखं, "वरसून येता, खालसून जाता. एवढाच. एवढाच होता."

श्यामकांत म्हणाला, "काका, वरून नवी फळी ठोकू आणि निघू. परवा निपाणीला कार्यक्रम आहे. आल्यावर दुरुस्त करा."

"खालचे वासे गेले हत. कोपरे गेले. घाटात वळणार वरची पेटी चाकांवरसून सुटात."

"सुटेलच असं नाही ना?"

तेव्हा फूटपाथवरून आवाज आला. "सुटू दे."

सगळे वळले. सोनूकाकी आभाळाकडे बघत बोलत होती. "सुटली तर सुटली. मी चललंय. फळी ठोका नि घाला माका आत."

"सोने, नाय."

"आय वाट बघता."

"होडी बुडाली तर माणूस पोवता. तू काय करतलंस?"

"माझा मी बघीन! तुका काय? तुझ्या लाकडार नाव येतला म्हणान घाबरतस?"

ते उठले, तिच्याजवळ गेले आणि फळीचा दोर स्वतःच्या हाताने घट्ट केला. "वर घेवा तिका," चौघांना म्हणाले. चौघांनी श्यामकांतकडे पाहिलं. श्यामकांतने मान खाली घातली. ज्या जिन्याने ती सूचना देत उतरली होती, त्याच जिन्याने वर गेली.

आम्ही निपाणीचा कार्यक्रम रद्द केला. तारीकाकांनी लाकडी बंदरावरचं सगळं काम टाकलं आणि परळच्या भिंतीशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत राबायला लागले. आता घाई करता येत नव्हती. ओलं लाकूड झाकलं तर पुन्हा कुजणार, म्हणून पत्रे उतरवून सांगाडा उन्हात ठेवायचा, रोज टकटक करायची, रोज ऐकायचं. मऊ लागेल तिथवर तासायचं, घट्ट लागलं की थांबायचं. आणि मऊ लागणं काही संपत नव्हतं. ज्या वाशाला ते आज बरा म्हणायचे तो उद्या आतून गेलेला निघायचा.

मी संध्याकाळी खोलीवर जायचे. सोनूकाकी रोज तेच विचारायची.

"किती झाला?"

"मागची बाजू झाली."

"एवढ्या दिवसांत कोंबडीन पिल्लां काढल्यान असती. सांग तेका."

मी सांगायचे. ते मान हलवायचे. घरात दोघांत बोलणं राहिलेलं नव्हतं; जे काही असेल ते माझ्यामार्फत.

शेवटच्या दिवशी त्यांनी गिरमिटाने खालच्या पट्टीत भोकं पाडली. आधी होती त्यापेक्षा जास्त. झरोक्यावर डांबर फासलेलं कॅनव्हास ठोकलं, छतावर घागरीमागून घागरी ओतल्या आणि गाडीखाली आडवे होऊन बघत राहिले. पाणी टपटप त्यांच्या तोंडावर पडत होतं.

"परवा निघूया," बाहेर येऊन ते म्हणाले. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. ही बातमी मी सांगायची नाही, ते सांगणार, असं त्यांनी मला बजावलं. पण एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मीही गेले.

खोलीच्या दाराशी शकू कार्ड घेऊन उभी होती. नुकतंच पोस्टमनने दिलेलं. "काकी मला वाचू देत नाहीये," ती म्हणाली.

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडतात. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. सोनूकाकीने ते आधीच पाहिलं होतं.

तारीकाका दारातच उभे राहिले. त्यांनीही पाहिलं.

"वाच," सोनूकाकी मला म्हणाली. "शकू ल्हान आसा. तू वाच."

लवूने तीनच ओळी लिहिल्या होत्या. आय शुक्रवारी पहाटे गेली. दुखणं नव्हतं. तेरावं बुधवारी आहे.

खोलीत स्टोव्ह फुरफुरत होता. सोनूकाकी रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं. मग चार आठवड्यांत पहिल्यांदा ती सरळ नवऱ्याशी बोलली.

"गाडी झाली?"

"झाली."

"मग चल. तेराव्याक पोचू."

दुसऱ्या दिवशीच आम्ही निघालो. वाटेत ती बाकावर पडून छताकडे बघत होती. पलीकडच्या बाकावर तारीकाका, दोन्ही हात फळीवर पसरून. गाडीला धक्का बसला की डोळे मिटून ऐकायचे. एकही फळी कुरकुरली नाही. एवढी निमूट गाडी आम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. निपाणीच्या नाक्यावर पोलिसाने आत डोकावलं, आजारी बाई पाहिली आणि जा म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी बैतखोलला समुद्र दिसला.

घरासमोर माणसं बसली होती. आम्ही सोनूकाकीला फळीसकट ओसरीवर ठेवली. लवू पुढे आला. डोकं भादरलेला, मुंजीतल्या मुलासारखा कोवळा दिसणारा पन्नाशीचा माणूस. तो बहिणीच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला.

"पावसाळ्यापासून बसली गो दारात. गाडीचो आवाज इलो की इचारी, इली? वळणारसून जाणाऱ्या ट्रकाकपण इचारी. शेवटच्या दिसाक म्हणाली, सोनूक खंय अडकवून ठेवल्यानी? खंय होतास गो तुम्ही?"

बसलेली सगळी माणसं उत्तरासाठी थांबली.

"पोलिसांनी अडवल्यानी," सोनूकाकी म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "निपाणीच्या नाक्यार. हे लोक महाराष्ट्राचे ना. गाडी जप्त करून ठेवल्यानी महिनाभर."

माणसांत हुंकार फिरला. एक म्हातारा उठून श्यामकांतजवळ आला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "सोसलास बाबा." कुणीतरी शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं. श्यामकांतच्या हातात ते शहाळं तसंच राहिलं.

तारीकाका गाडीच्या दाराशी उभे होते. ते दोन पावलं पुढे आले.

"खोटा सांगता ती."

"तू गप रव," सोनूकाकी म्हणाली.

"पोलिसांनी नाय अडवल्यानी. गाडी मी कुजवलंय. ह्या हातांनी." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जसे पावसाळ्यात आम्हाला कोरडे तळवे दाखवायचे तसे नाही; उलटे, एखाद्या चोरासारखे. "लवू, तुझी आवस माझ्यामुळे वाट बघीत गेली."

लवूने त्यांच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग उठून आत गेला. म्हातारा आपल्या जागी जाऊन बसला. लवूची बायको शांता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तो कुणापुढे ठेवावा ते न कळून तशीच उभी राहिली.

"कित्याक बोललास?" सोनूकाकीने विचारलं. राग नव्हता. थकलेली होती. "मी एकटी जाणून होतंय, ता बरा नाय होता?"

तारीकाका पाठमोरे होऊन अंगणाच्या कडेला गेले.

तिने मान शांताकडे वळवली. "आय खंय बसा गो?"

शांताने उंबऱ्याजवळची जागा दाखवली. आम्ही चौघांनी फळी उचलली आणि तिथे ठेवली. तिथून रस्त्याचं वळण दिसत होतं. सोनूकाकी त्या वळणाकडे बघत पडून राहिली. पंक्ती उठल्या, माणसं पांगली, ऊन उतरलं.

"आत घेऊ काय?" शांताने विचारलं.

"वायच थांब."

तारीकाका अंगणात, तिच्या नजरेबाहेर, जमिनीवर बसले होते. शांता त्यांच्यापुढे पान ठेवून गेली होती. त्यावर माश्या बसत होत्या.

"ते जेवले?" सोनूकाकीने मला विचारलं.

"नाही."

वळणावरून एक ट्रक आला आणि न थांबता गेला.

"जेव म्हणान सांग तेका," ती म्हणाली. "मी सांगितलंय म्हणान सांगा नको."